बंगलोरच्या पिंपातली बिअर आणि ह्यांचं नाक

बंगलोरला जाऊन तिथली बिअर चाखायची म्हणतोय, काही सुचवाल का, असं मला अलीकडे वरचेवर विचारलं जातं. मी ऐंशी ओलांडली आहे आणि या ब्लॉगवर आजवर देवळं, घाट आणि खानावळी यांच्यापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे विचारणारे थट्टेनेच विचारत असावेत. पण मी बंगलोरची बिअर चाखली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला, लाकडी पिंपातून काढलेली, इरकली साडी नेसून आणि दोन्ही हातांत लग्नातल्या बांगड्या असताना. त्या एका सहलीत मला जेवढे धक्के बसले तेवढे पुढच्या सगळ्या आयुष्यात मिळून बसले नसतील. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आमचं लग्न होऊन सहाएक महिने झाले होते. हे, म्हणजे माझे यजमान अनंत, पुण्यात एका छोट्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. कारखान्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्या बनत. या गोळ्या कशापासून होतात ते मला लग्नानंतर कळलं: बिअर आंबवून झाली की टाकीच्या आणि पिंपांच्या तळाशी जे खमीर उरतं ते धुऊन, वाळवून, त्याची पूड करून. आपल्याकडे तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे खमीर बंगलोरहून यायचं. त्या वर्षी आलेल्या मालाच्या गोळ्यांना काही तरी विचित्र वास होता, डॉक्टर त्या परत पाठवू लागले होते. मालकांनी ह्यांना सांगितलं, स्वतः जा, दोन-तीन ब्रुअऱ्या बघा आणि चांगलं खमीर निवडून या. पुन्हा असा माल आला तर कारखाना चालणार नाही, आणि कारखाना नाही तर नोकरी नाही, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

हे मला म्हणाले, तूही चल, राहायला माझ्या मावशीचं घर आहे. मी लग्नानंतर वाईखेरीज कुठे गेले नव्हते. बिअरचं नाव घरात काढायचं नाही असं आमचं ठरलं. माझे वडील वाईला शाळामास्तर होते आणि तरुणपणी त्यांनी ताडीच्या दुकानासमोर निदर्शनं केली होती. सासूबाईंना सांगितलं, कारखान्याचं काम आहे.

तेव्हा पुण्याहून बंगलोरला जाणारी गाडी मिरज, बेळगाव, हुबळी करत जायची. छोट्या रुळांची, कोळशाच्या इंजिनाची. खिडकी उघडी ठेवली तर डोळ्यांत कण जायचे आणि बंद केली तर जीव गुदमरायचा. आज तुम्ही संध्याकाळी बसमध्ये चढता आणि पांघरूण घेऊन झोपता, सकाळी बंगलोर. सोय आहे, पण वाटेतलं काही दिसत नाही. आम्ही बेळगावला कुंदा घेतला, धारवाडला पेढे घेतले, आणि अर्सिकेरेच्या फलाटावर पहिल्यांदा पितळी भांड्यातली कॉफी प्यायलो. कॉफीचा वास फलाटाच्या टोकापासून येत होता. मी ह्यांना म्हटलं, काय सुंदर वास आहे. हे म्हणाले, हो ना, छानच आहे. त्या उत्तरात मला काही वावगं वाटलं नाही.

मावशींचं घर बसवनगुडीत होतं. मावशींच्या सासरचे लोक तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले, घरात मराठी बोलणारे, पण ती मराठी ऐकायला मला पहिले काही तास कान टवकारून बसावं लागलं. मावशींना सगळे तुळसाअक्का म्हणत. त्यांचे यजमान, अण्णा, पोस्टात होते. सकाळी टोपी घालून जायचे आणि संध्याकाळी मोजकंच बोलायचे. अक्का मात्र दिवसभर बोलत. पाय ठेवल्याठेवल्या त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “स्वल्प बारीक आहेस की गं. सरी, इथं दूध भरपूर आहे.” सरी म्हणजे असू दे, हे मला मागाहून कळलं.

दूध खरंच भरपूर होतं. परसात एक म्हैस होती आणि अक्का सोवळ्यात असल्या तरी तिचं सगळं स्वतः बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हातगाडी आली आणि एका माणसाने म्हशीपुढे वाफाळता, तपकिरी चोथा ओतला. मला तो वास आवडला, भाजलेल्या धान्यासारखा. मी विचारलं, कसला चोथा. अक्का सहज म्हणाल्या, बिअरचा. कंटोन्मेंटातल्या ब्रुअरीत सातू उकळून पाणी काढून घेतात आणि उरलेलं इकडे येतं, त्याने म्हैस दूध जास्त देते. रोज देवाला नैवेद्य दाखवायचं ते दूध त्या चोथ्याचं होतं. मी घरी चोरून ठेवलेला शब्द इथे परसदारी टोपलीने येत होता. अक्कांना माझ्या चेहऱ्यावरचं काही कळलं असावं. त्या म्हणाल्या की म्हशीला कोणी प्यायला देत नाही, सातू तर सातूच.

त्याच दिवशी दुपारी हे मला तिथल्या, बंगलोरच्या शिवाजीनगरचा बाजार दाखवायला घेऊन गेले. बाजाराजवळच त्यांना एका ब्रुअरीत जायचं होतं. काम थोडंच आहे म्हणाले. आजही शिवाजीनगरला बसचा गोंगाट तसाच आहे आणि लहान खानावळी तशाच आहेत. गेलात तर बाजाराच्या मागच्या गल्लीत भटका, खिसा सांभाळा. तेव्हा तिथून थोडं पुढे गेलं की कंटोन्मेंटचे रुंद रस्ते सुरू व्हायचे आणि तिथे मला दुसरा धक्का बसला. रस्त्यावर उघड पाट्या होत्या, बिअर मिळेल अशा. व्हरांड्यात भर दुपारी माणसं मोठे काचेचे पेले घेऊन बसली होती, वर्तमानपत्र वाचत, कोणी लपत नव्हतं. पुण्यात हे काम अंधाऱ्या खोलीत, मान खाली घालून चालायचं. मी पदर डोक्यावरून घेतला, जणू मलाच कोणी बघेल.

ब्रुअरी दगडी होती, छप्पर कौलारू. तिथले मुख्य बिअर बनवणारे मिस्टर पिंटो, पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. त्यांनी आम्हाला तळघरात नेलं. लाकडी पिंपं आडवी ठेवलेली, वर ओली गोणपाटं, जमिनीवर पाणी शिंपडलेलं. बाहेर ऊन असून आत अंगावर शहारा आला. पिंटोंनी इंग्रजीत समजावलं आणि हे मला मराठीत सांगत गेले: बाटलीतली बिअर गाळून, खमीर मारून भरलेली असते, ही जिवंत आहे. पिंपात भरल्यावरही खमीर तळाशी काम करत राहतं, म्हणून वर लाकडाची खुंटी मारायची, आतला वायू जाऊ द्यायचा, आणि कधी उघडायचं ते वासावरून ठरवायचं. पिंटो म्हणाले की खमीर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी बिअर चाखायला लावतात, ज्याला चांगलं-वाईट ओळखता येतं त्यालाच माल देतात. सूक्ष्मदर्शकात खमीर सगळं सारखंच दिसतं, जिभेवर ते खोटं बोलत नाही.

मी भिंतीजवळ स्टुलावर बसले होते. पिंटोंनी दोन पिंपांतून दोन पेले भरून ह्यांच्यासमोर ठेवले. हे पेला उजेडाकडे धरून बघत राहिले, मग हुंगल्यासारखं केलं, एक घोट घेतला, दुसऱ्यातून दुसरा. दोन्ही उत्तम आहेत असं म्हणाले.

मी चार हातांवर होते आणि तरी दुसऱ्या पेल्यातला आंबट वास माझ्या नाकात गेला होता. मडक्यात विसरलेल्या ताकासारखा, नाक मुरडायला लावणारा. मला वाटलं, हे शिष्टाचार म्हणून बोलताहेत. पण पिंटोंचा चेहरा बदलला. त्यांनी दुसरा पेला उचलून मोरीत ओतला आणि म्हणाले, उद्या परवा पुन्हा या, मग बोलू. त्यांचा आवाज इतका नम्र होता की मलाही कळलं, हा नकार आहे.

बाहेर आल्यावर ह्यांनी घराकडे जाणारी बस सोडून दिली. आम्ही चालत कब्बन पार्कपर्यंत गेलो. मोठमोठी झाडं, खाली बसलेले लोक, शेंगदाणे विकणारा. एका बाकावर बसल्यावर मी विचारलं की दुसरी बिअर आंबलेली होती हे तुम्ही का सांगितलं नाही.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं, सर्दी झाली असेल. ते म्हणाले, सर्दी नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सायकलवरून पडले होते, डोक्याची मागची बाजू आपटली. जखम बरी झाली आणि वास गेला, तो परत आला नाही. चव थोडी कळते, खारट, आंबट, गोड, कडू एवढं, बाकी काही नाही. दुसरी बिअर जिभेला आंबट लागली होती, पण बिअर अशीच असते असं त्यांना वाटलं. घरी कोणाला माहीत नव्हतं, आईलासुद्धा. रसायनतज्ज्ञाला वास येत नाही म्हटलं तर नोकरी कोण देणार, म्हणून बोलले नाहीत. आणि लग्न ठरताना बोलले नाहीत कारण तोवर न बोलायची सवय झाली होती.

माझ्या वडिलांनी ठरवताना सगळं विचारलं होतं. चष्मा आहे का, दात कसे आहेत, घराण्यात कोणाला दमा आहे का. वासाबद्दल विचारायचं कोणाच्या मनात येणार.

पण माझ्या डोक्यात ते नव्हतंच. माझ्या डोक्यात आमचं स्वयंपाकघर होतं. मी नवीन सून, सासूबाईंच्या हाताखाली घाबरत घाबरत स्वयंपाक करायची, आणि रोज संध्याकाळी हे आत डोकावून म्हणायचे, काय वास सुटलाय फोडणीचा. त्या एका वाक्यावर माझा दिवस जायचा.

“मग रोज फोडणीचं म्हणायचात ते?” मी विचारलं.

“बाबा आईला तसं म्हणायचे,” ते म्हणाले. “तेल तडतडलेलं ऐकू आलं की मी म्हणायचो.”

मला रडू आलं नाही. मी गार पडले होते. सहा महिने मी ज्याच्यासाठी मोहरी करपू न देता जपत होते तो मोहरीच्या आवाजाला दाद देत होता. मी उठले आणि बसच्या थांब्याकडे चालू लागले. हे मागून येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का धार काढत होत्या तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं असं बाहेर सांगू नये हे मला कळत होतं, पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता. अक्कांनी हात थांबवला नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “नाक नाही ते एक. खोटं बोलला ते दुसरं. दोन्ही एकात कालवू नको की. नाकासाठी कीव कर, खोट्यासाठी भांड. पण आधी कॉफी घे.”

मी कॉफी घेतली आणि मग भांडले. दबक्या आवाजात, माजघरात. शेवटी हे म्हणाले की आता पिंटो खमीर देणार नाहीत, दुसरीकडेही हेच होणार, पुण्याला जाऊन मालकांना काय सांगायचं ते त्यांना कळत नाही. तेव्हा, अजून रागात होते म्हणूनच असेल, माझ्या तोंडून गेलं, “मी चाखते.”

ह्यांना धक्का बसलेला मी पहिल्यांदा बघत होते आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मग माझे वडील आठवले. पण शब्द गेला होता. आणि कालचा तो आंबट वास मला आला होता, ह्यांना आला नव्हता, ही गोष्टही खरी होती.

पिंटो आम्हाला पुन्हा बघून चकित झाले. ह्यांनी त्यांना सरळ सांगितलं, मला वास येत नाही, माझ्या पत्नीला येतो. माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला एवढं वाक्य बोलायला त्यांना सात-आठ वर्षं लागली होती, आणि ते एका परक्या माणसासमोर, ओल्या तळघरात निघालं. पिंटोंनी माझ्याकडे, माझ्या कुंकवाकडे, बांगड्यांकडे पाहिलं. मग तीन पेले भरले. दोन कामगार काम सोडून उभे राहिले.

मी समजत होते, हुंगायचं, जिभेला लावायचं आणि थुंकायचं. पिंटो म्हणाले, तसं चालत नाही, बिअरचा कडूपणा घशात कळतो, गिळलीच पाहिजे. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. डोळे मिटले आणि पहिला घोट गिळला.

मला वाटलं होतं ती बर्फासारखी गार असेल आणि घसा जाळेल. ती माठातल्या पाण्याइतकीच गार होती आणि काहीच जळलं नाही. फेस जेमतेम. आधी भाकरी तव्यावरून काढल्यावर येतो तो वास, मग संत्र्याच्या सालीसारखं काही, आणि शेवटी, गिळून झाल्यावर, मेथीचा कडूपणा जिभेच्या मागे चढत गेला. मला तो कडूपणा आणि त्यातला ओल्या गवतासारखा वास नको वाटला, म्हणून मी सांगितलं की ही बिघडलेली आहे. पिंटो हसले. म्हणाले, ती या तळघरातली सगळ्यात चांगली आहे. त्यांनी कप्प्यातून बिअरमध्ये घालतात ती वाळलेली हिरवट फुलं आणून माझ्या तळहातावर चोळली. तो गवताचा वास त्या फुलांचा होता आणि तो हवाच असतो.

दुसरी कालचीच आंबट होती. ती मी ओठांना लावून परत ठेवली. तिसरी मात्र मला समजेना. वास ओळखीचा होता, घरातला, आणि तरी तो तिथे असायला नको होता. मी पुन्हा हुंगलं. मग आठवलं. लोणी कढवायला ठेवतो आणि तूप व्हायच्या आधी जो वास घरभर होतो, तो. मी मराठीत सांगितलं, ह्यांनी इंग्रजीत. पिंटो खुर्चीवर बसले. त्यांनी सांगितलं की ते पिंप त्यांनी काल लवकर उघडलं होतं, खमिराचं काम पुरं व्हायच्या आत, आणि अशा कच्च्या बिअरला लोण्याचा वास येतो. आंबट बिअरसारखं ते त्यांनी मला मुद्दाम दिलं नव्हतं. ते पिंप ठीक आहे अशीच त्यांची समजूत होती. त्यांनी पेला स्वतः हुंगला, पुन्हा हुंगला आणि कामगारांना कानडीत काही तरी सांगितलं. ते पिंप मागे गेलं.

बिअर चाखायला जाणाऱ्यांना त्या दिवशी मिळालेला सल्ला देऊन ठेवते. जाण्याआधी तिखट खाऊ नका, पान तर नकोच. दोन पेल्यांच्या मधे कोरडा पाव चावा. आणि आजकाल पेला बर्फगार आणून देतात, तो हातात धरून थोडा वेळ बसा. गारठ्यात वास झोपलेला असतो. पिंपातली बिअर आज बंगलोरमध्ये कधीतरीच एखाद्या ठिकाणी मिळते, विचारून बघा. कोरमंगल्यात तरुण मुलांच्या गर्दीत तिथल्या तिथे बिअर बनवून देणाऱ्या बऱ्याच जागा आहेत. तेव्हा कोरमंगला म्हणजे भाताची खाचरं होती आणि तिकडे कोणी कशाला जात नसे.

पिंटो खमीर द्यायला तयार झाले. पण त्यांचा भाव मालकांनी सांगितल्यापेक्षा चढा होता, म्हणून रविवारी आम्ही व्हाइटफील्डला दुसरी ब्रुअरी बघायला गेलो. आता तिकडे मेट्रो जाते आणि काचेच्या इमारती आहेत. तेव्हा शिवाजीनगरहून बस होती, तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या बैठ्या कौलारू घरांसमोर गुलाब. ब्रुअरी म्हणजे एक मोठी पडवीच होती. मालक हॅरिस नावाचे म्हातारे गृहस्थ, आणि त्यांच्या पत्नीने आम्हाला केक आणि खारवलेले शेंगदाणे दिले. त्यांची मुलं परदेशी निघून गेली होती आणि धंदा कसाबसा चालला होता. आम्ही खमीर घेतलं तर वर्ष निघेल असं हॅरिस हसत हसत म्हणाले, पण त्यांची बायको हसली नाही.

त्यांची पहिली बिअर फार सुरेख होती. काळसर, गुळाच्या काकवीसारखी, आणि शेवटी भाजलेल्या कॉफीची आठवण. मी दुसरा घोट गरज नसताना घेतला आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. मला मनापासून वाटत होतं की यांचंच खमीर घ्यावं. मग दुसरं पिंप आलं. वर सगळं तसंच, आणि तळाशी, अगदी पातळ, लवंगेचा वास. दाढ दुखताना लवंगेचं तेल लावतात तसा. मी तिसऱ्या पिंपाची मागितली. तिथेही लवंग होती.

ह्यांनी सोबत सूक्ष्मदर्शक आणला होता. त्यांनी खमिराचे थेंब काचपट्टीवर घेऊन खिडकीपाशी बघितले. स्वच्छ, म्हणाले. भावही मालकांना हवा तोच होता. आम्ही द्राक्षांच्या मांडवाखाली जाऊन उभे राहिलो.

“खात्री आहे?” ह्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “पण लवंग आहे.”

ह्यांनी पुढे काही विचारलं नाही. आत गेले, हॅरिसना म्हणाले की खमिरात रानटी जात शिरली असावी, पिंपं उकळत्या पाण्याने धुऊन बघा, आणि त्यांचे हात हातात घेऊन माफी मागितली. मिसेस हॅरिसनी उरलेला केक कागदात बांधून दिला. तो मला बसमध्ये खाववला नाही. माझं नाक बरोबर होतं की नाही हे मला आजपर्यंत पक्कं माहीत नाही. पुढच्या वर्षी ती ब्रुअरी बंद झाली असं अक्कांच्या पत्रातून कळलं. खमिरामुळे की कशामुळे, त्यात नव्हतं. त्या म्हातारीचा न हसलेला चेहरा माझ्याजवळ राहून गेला आहे.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं जरा हलकं झालं होतं. खिडकीतून वारा येत होता. थोड्या वेळाने हे हळूच म्हणाले, “आत्ता कसला येतोय?” मी सांगितलं, ओल्या मातीचा. मग शेणाचा. मग कोणी तरी कांदा परततंय. हे प्रत्येक वेळी मान हलवत होते, लिहून घेतल्यासारखी. माझा राग गेला होता असं नाही. पण तो बाजूला ठेवून मी सांगत राहिले, आणि शिवाजीनगर कधी आलं ते कळलं नाही.

पुण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी ह्यांनी मालकांना सगळं सांगितलं, पिंटोंचं खमीर चढ्या भावाने ठरवल्याचं आणि बिअर कोणी चाखली तेसुद्धा. मला वाटलं, आता घरी बसणार. मालकांनी एवढंच विचारलं म्हणे, पुढच्या मालाचा वास कोण घेणार. हे म्हणाले, माझी बायको. मला न विचारता. पुढे कैक वर्षं कारखान्यातून बरण्या आमच्या घरी येत राहिल्या, आणि मी पदराला हात पुसून त्या हुंगत राहिले. बंगलोरहून मी आणलं काय, याचा विचार करते तेव्हा रेशमी खण आणि कॉफीची पूड आधी आठवते. पण राहिली ती ही गोष्ट, की आमच्या घरात त्यानंतर वासाबद्दल खोटं कोणी बोललं नाही. हे स्वयंपाकघरात यायचे आणि विचारायचे, आज काय. मी सांगायची. भांडण झालेलं असलं तरी सांगायची.

सासूबाईंना मात्र पुण्याला आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. ह्यांनी सायकलचं सांगितलं, वासाचं सांगितलं, आणि अंग चोरून मीही बसले होते म्हणून बिअरचंही सांगून टाकलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी बिअरचं ऐकलंच नसावं. हातातली पालेभाजी तशीच राहिली.

“मग अनंता,” त्या म्हणाल्या, “बाहेरून दमून आलास की घर आलं हे तुला कसं कळतं रे?”

ह्यांनी थोडा विचार केला. “तुझ्या खोकल्यावरून,” म्हणाले.

सासूबाई हसल्या आणि त्याच वेळी त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले. मग बऱ्याच वेळाने, हे बाहेर गेल्यावर, त्यांनी भाजीतून मान वर न करता मला विचारलं की ती बिअर लागते कशी. मी म्हटलं, कडू. त्यांनी विचारलं, कारल्याइतकी? मी म्हटलं, नाही, मेथीच्या जवळपास.

“एवढंच ना,” त्या म्हणाल्या, आणि निम्मी जुडी माझ्याकडे सरकवली.